लाळेचा झरा

चिंचेचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते. हे पाणी म्हणजेच लाळ होय. घास भिजवून मऊ करणे, पिष्टमय अन्नाच्या पचनास आरंभ करणे व दातांचे रक्षण करणे ही तिची कामे. मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी सुमारे १ लिटर लाळ स्रवते, आणि तिच्यात शेकडा ९९ भाग पाणीच असते. कानांजवळ, जबड्याखाली व जिभेखाली असलेल्या ग्रंथींच्या तीन जोड्या ती तयार करतात.

ग्रंथींना हे पाणी रक्तातून मिळते. पेशी प्रथम क्षार नलिकेत सोडतात व क्षारांमागोमाग पाणी ओढले जाते. परंतु पेशीचे पटल स्निग्ध पदार्थाचे असते. तेलाच्या थरातून पाणी सहजासहजी जात नाही. मग ते पटल इतक्या त्वरेने ओलांडते कसे?

हे कोडे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनी सोडविले. तांबड्या रक्तपेशींत त्यांना एक अपरिचित प्रथिन आढळले होते. १९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बेडकाच्या अंडपेशींत निर्माण करविले. अल्प क्षारांच्या पाण्यात ठेवताच त्या अंडपेशी फुगल्या व फुटल्या. प्रथिन नसलेल्या मात्र तशाच राहिल्या. ते प्रथिन म्हणजे पाण्याची वाटच होती! अशा एका वाटेने एका सेकंदात पाण्याचे सुमारे ३ अब्ज रेणू एकामागून एक जातात. या प्रथिनांना ‘अ‍ॅक्वापोरिन’ म्हणतात. या शोधाबद्दल अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

लाळग्रंथींत पाचव्या क्रमांकाचे अ‍ॅक्वापोरिन महत्त्वाचे आहे. गर्भाच्या मुखातील अस्तरावर प्रथम एक इवली कळी उमटते. तिला फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांशी द्राक्षांच्या घोसासारखे पेशींचे पुंजके बनतात. या पुंजक्यांतील पेशींत जन्मापूर्वीच हे प्रथिन प्रकट होते, असे उंदरांच्या गर्भांत दिसून आले आहे. बाळाच्या पहिल्या घोटाआधीच झऱ्याची वाट सिद्ध असते! हे प्रथिन नसलेल्या उंदरांची लाळ निम्म्याहून कमी व दाट असते, असे १९९९ साली आढळले.

कर्करोगावरील किरणोपचारांनी कित्येक रुग्णांच्या लाळग्रंथी निकामी होतात. त्यांना भाकरीचा कोरडा तुकडा गिळणेही कठीण जाते. अमेरिकेतील बेथेस्डा येथे अशा ११ रुग्णांच्या एकेका ग्रंथीत, उरलेल्या पेशींना पाण्याची वाट मिळावी म्हणून, पहिल्या अ‍ॅक्वापोरिनचे जनुक सोडण्यात आले. पाच जणांची लाळ वाढून तोंडाचा कोरडेपणाही कमी झाला, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. बेडकाच्या अंड्यापासून निघालेली जिज्ञासा अशी रुग्णाच्या घासापर्यंत पोहोचली.

शब्दार्थ : पटल – पातळ पडदा, स्निग्ध – तेलकट, सिद्ध – तयार, जिज्ञासा – जाणून घेण्याची इच्छा.

स्वाध्याय
१. बेडकाच्या काही अंडपेशी फुटल्या व काही तशाच राहिल्या. यावरून काय सिद्ध झाले?
२. कारण द्या : किरणोपचारानंतर काही रुग्णांना घास गिळणे कठीण जाते.
३. ‘तोंडाला पाणी सुटणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.