आधी ताप बघ, मग हात जोड

पोरी, चेन्नईच्या साहुकारपेठेतल्या आपल्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या, घरांत सल्ल्याला तोटा नाही. तू अड्यारच्या कॅन्सर इस्पितळाच्या फेऱ्या सुरू केल्यास म्हणजे आता गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर होणार. त्यांचं हसून ऐक, पण मामीचं एवढं लिहून ठेव.

१. थर्मामीटर उशाशी हवा. केमोच्या दिवसांत पारा 100.4 ला टेकला की गोळीनं ताप झाकू नको, रात्र असली तरी इस्पितळात फोन करून निघ — औषधानंतर आठवड्या-दीड आठवड्यानं पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा आतल्या जंतूंची खूण कधीकधी तापाशिवाय दुसरी नसते. पारा चढला की पाय उचलावा.

२. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ देवीला जरूर जा, फक्त शुक्रवार सोडून — तुला आत्ता देवी चालेल, गर्दीतला खोकला चालणार नाही. 1677 साली शिवाजी महाराज तिच्या दर्शनाला आले म्हणतात. शुक्रवारीच आले असं काही कुणी म्हणत नाही.

३. तीर्थ हातावर घे, डोळ्यांना लाव, पिऊ नको — उघड्यावरचं पाणी तुझ्या पोटाला सध्या झेपायचं नाही. देवी रागवत नाही. पुजारी रागावलाच तर माझं नाव सांग.

४. केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल (सगळ्याच औषधांनी जात नाहीत), तर आधीच बारीक करून घे — दोन-तीन आठवड्यांनी उशीवरचे पुंजके गोळा करण्यापेक्षा ते बरं. मिंट स्ट्रीटवर कुणी ‘तिरुप्पतिया?’ विचारलं तर खुशाल मान हलव. या गावात बाईच्या गुळगुळीत डोक्याचं कुणाला नवल नाही; फार तर लाडू मागतील.

५. रेडिएशनसाठी अंगावर काढलेल्या खुणा घासून धुऊ नको, आणि तिथं भस्म, चंदन, खोबरेल काहीही विचारल्याशिवाय लावू नको — किरण त्या खुणांवरच नेम धरतात, आणि तिथली कातडी किरणांनी नाजूक होते.

६. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या, मऊ ब्रश आणि गार दहीभात. स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागला तर लाकडी घे — औषधानं चव फिरते, स्वयंपाक करणारीला बोल लावू नको. गावाकडून, विट्याहून आलेली चटणी तोवर माझ्याकडे पाठव.

७. कुणी काढा, भुकटी, मुळी आणून दिली तर आभार मान आणि पुडी डॉक्टरांपुढे ठेव — काही पाल्याचं केमोशी जमत नाही, आणि भोगावं लागतं यकृताला.

८. लोक म्हणतील, सोनं तावून-सुलाखून निघतं. त्यांना सांग, आम्ही गलाईवाले, भट्टीत घट येते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून दर आठवड्याला वजन करून वहीत मांड — कपडे सैल होईपर्यंत थांबलीस तर डॉक्टरांना उशिरा कळतं.

९. गावी जाताना इस्पितळाचं रेल्वेचं प्रमाणपत्र भरून घे — उपचारासाठी किंवा तपासणीसाठी प्रवास असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीत तुझं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. गलाईवाल्यानं सूट सोडली असं आपल्यात अजून झालेलं नाही.

१०. ओपीडीत खोळंबलीस की शेजारणीशी बोल, मोडकं तमिळ चालतं — गोळ्या, डबे, रिक्षा यांतली खरी माहिती तिच्याकडेच असते. डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डींची बहीण कॅन्सरनं गेली, आणि 1954 साली त्यांनी 12 खाटांवर हे इस्पितळ उभं केलं. तिथल्या बाकावर एकटीनं बसायचं म्हणजे त्या बाईंचा अपमान.

११. आजारावरचा पहिला विनोद तुझा, मग पाहुण्यांचा — उलटं झालं की घरात मुकाट्यानं चहा प्यायला जातो. आणि ज्या दिवशी हसू येत नाही त्या दिवशी हसू नको, पाहुण्यांना ‘झोपलीय’ सांगायला मी आहे.

१२. रात्री दोनला भीती वाटली तर मला फोन कर — तुझ्या मामाच्या घोरण्यानं मी तशीही जागीच असते.