सुट्टीतले घर : मुलांची नाझरेथ शाळा

शास्त्रवाचन : लूक 2:41-52



वार्षिक परीक्षा संपली, निकाल लागला आणि मुले घरी बसली. पहिले चार दिवस मजेत जातात. पाचव्या दिवसापासून 'आई, कंटाळा आला' हे पालुपद सुरू होते. आईवडील दोघेही नोकरीला असतील तर काळजी अधिकच. मग मुलाच्या हाती मोबाइल येतो आणि घर शांत होते. पण या शांततेत मूल घरातल्या माणसांपासून दूर जात असते. म्हणून या आठवड्यात आपण नाझरेथच्या घराकडे पाहू या.

बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेला, मंदिरात मागे राहिला आणि तिसऱ्या दिवशी सापडला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यापुढचे मात्र आपण घाईने वाचतो. येशू मरिया व योसेफ यांच्याबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने, तसेच देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला, असे संत लूक सांगतो. वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी त्याने आपले कार्य सुरू केले. म्हणजे मधली सुमारे अठरा वर्षे देवपुत्र एका सुताराच्या घरात वाढला. संत लूकने सांगितलेली ही चौपदरी वाढ आपल्या मुलांच्या सुट्टीलाही लागू पडते.

1. ज्ञानाची वाढ : आजी-आजोबा हे घरातले चालतेबोलते पुस्तक. मुलांना एक वही द्या. आजीच्या लग्नातले रीतिरिवाज, जुने पदार्थ आणि घरच्या बोलीतले विसरले जाणारे शब्द त्यांना लिहून काढू द्या. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले, ही गोष्ट मुलांना सांगा. नकाशावर वसई आणि नागासाकी शोधायला लावा. एक दुपार कशी सरली, ते कळणारही नाही.

2. शरीराची वाढ : भर उन्हात घरात सागरगोटे, कॅरम, भेंड्या, ऊन उतरल्यावर अंगणात लगोरी, लंगडी. विहीर, तळे किंवा समुद्राकडे मात्र मोठ्या माणसाशिवाय सोडू नये. मुलांना घरकामातही घ्या. कैरीचे पन्हे करणे, पापड वाळत घालणे, तांदूळ निवडणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुलगा-मुलगी दोघांनाही यावीत. काम वेडेवाकडे झाले तरी रागावू नका. योसेफाच्या हाताखाली शिकणाऱ्या येशूनेही पहिल्याच दिवशी सरळ फळी कापली असेल का?

3. देवाच्या कृपेत वाढ : मे महिना पवित्र मरियेचा. घरातली वेदी सजविण्याचे काम मुलांकडे सोपवा. रोझरीचे एक दशक रोज एका मुलाने सांगावे. शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान वाचून मुलांना त्याचे छोटे नाटुकले करू द्या. दुसऱ्या दिवशी मिस्सामध्ये तीच मुले कान देऊन ऐकतील.

4. माणसांच्या कृपेत वाढ : 31 मे रोजी आपण मरियेच्या एलिझाबेथभेटीचा सण साजरा करतो. मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. मुलांना घेऊन एखाद्या आजारी शेजाऱ्याकडे जा. ज्यांचे आईवडील कामावर जातात, अशा मुलांसाठी तीन-चार घरांनी पाळी लावावी : आज मुले आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. कुणाच्याही मुलाला दिवसभर कुलपाआड एकटे बसावे लागू नये, ही शेजारधर्माची पहिली पायरी आहे.

मोबाइलचे काय? 2025 साली संतपद लाभलेल्या कार्लो अकुतिस या किशोराला संगणकाची आणि व्हिडिओ गेमची आवड होती. तरीही खेळासाठी त्याने आठवड्याला एकच तास ठरविला होता, असे त्याच्याविषयी सांगतात. मुलांशी बोलून वेळ ठरवा आणि जेवताना व प्रार्थनेच्या वेळी आपलाही मोबाइल बाजूला ठेवा. आपण पाळत नाही ते मुले पाळणार नाहीत.

शेवटी एक सूचना. दिवसाचा प्रत्येक तास भरून काढण्याची गरज नाही. मुलाला थोडा कंटाळा येऊ द्या. त्यातूनच काड्या, शिंपले, जुन्या खोक्यांचा खेळ ते स्वतः शोधते. त्याने ते दाखवायला आणले की हातातले काम थांबवून पाहा.

कुटुंबात चर्चेसाठी :
1. आमच्या घरात मुलांवर विश्वासाने सोपविलेले एक तरी काम आहे का?
2. दिवसातून किती वेळ आम्ही सर्व जण एकत्र बसतो?
3. या सुट्टीत आमच्या घरी कोणत्या मुलाला बोलावता येईल?

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांना आशीर्वाद देवो.