आधी माती, मग झाड

गेल्या पावसाळ्यात आम्ही होस्टेलच्या पोरांनी एका बंद दगडखाणीत शंभर रोपं लावली. फोटोबिटो झाले. मे महिन्यात जाऊन पाहिलं तर जिवंत फक्त चार! मी पाण्याला दोष दिला. पण चूक वेगळीच होती.

आपल्या सातपूरला फाशीच्या डोंगरावर 2015 साली नाशिककरांनी देशी झाडांची देवराई लावली. तिथं निदान पायाखाली माती होती. खाणीत वरची माती आधीच खरवडून टाकलेली असते. उरतो नुसता मुरूम आणि दगड.

नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगांवर आधी नेमकं हेच हाताळलं. खड्ड्यांत साखर कारखान्याची प्रेसमड घातली, मुळांना मायकोरायझा बुरशी आणि नत्र देणारे जीवाणू दिले. या बुरशीचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी आणि स्फुरद झाडाला आणून देतात. त्या उजाड ढिगांवर साग, शिवण, कडुनिंब उभे राहिले.

म्हणून यंदा रोपं निम्मीच नेऊ. मेसचा ओला कचरा मात्र आत्तापासून कुजवू, आणि जुन्या देशी झाडाखालची मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकू. येताय ना?