‘धेडगुजरी’ हा शब्द वहीवर लिहिण्याआधी



मिश्र भाषेला नावं ठेवायची असली की आपल्या तोंडी एक शब्द हमखास येतो, ‘धेडगुजरी’. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ साधा आहे: कुठल्याच एका भाषेत धड न बसणारी, सरमिसळ भाषा. पण शब्द फोडून बघा. ‘धेड’ हे अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या जातीचं हेटाळणीचं नाव. ‘गुजरी’ म्हणजे गुजरांची, गुजरातकडची बोली. म्हणजे भाषेची चूक सांगताना आपण दोन समाजांची नावं शिवीसारखी वापरतो. जळगाव-धुळ्याच्या वर्गात तर गुजर घरातली, घरी गुजरी बोलणारी मुलंही समोर बसलेली असतात. त्यांनी हा शब्द ऐकून काय समजायचं?

आता जिच्यावर हा शिक्का बसतो ती भाषा बघू. समजा, चौथीतल्या मुलाने निबंधात लिहिलं:

‘काल मी मामाच्या गावले गेलो. तठे बाजारमा केळी घेतली.’

लाल पेन लगेच सरसावतो. पण थांबा, जरा नीट वाचा. ‘गेलो’, ‘घेतली’ ही क्रियापदं प्रमाण मराठीची आहेत. ‘-ले’ म्हणजे ‘-ला’, ‘-मा’ म्हणजे ‘-त’, ‘तठे’ म्हणजे ‘तिथे’, हे अहिराणीचं. मुलगा ‘गावमा गेलो’ किंवा ‘बाजारले घेतली’ असं लिहीत नाही. कुठे ‘ले’ आणि कुठे ‘मा’ हे त्याला पक्कं ठाऊक आहे. नियम आहेत, फक्त ते आपल्या पुस्तकातले नाहीत. हा ‘-मा’ गुजरातीतल्या ‘-मां’चा सख्खा शेजारी. खान्देश गुजरातला लागून आहे, तेव्हा त्यात नवल कसलं!

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हाही एक गैरसमज. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खान्देशी आली ती मराठीच्या खंडात नाही, तर भिल्ली भाषांच्या खंडात. २०११ च्या जनगणनेतही ‘खान्देशी’ मराठीहून वेगळी मोजली आहे. आणि रावेर-यावलकडची लेवा गणबोली अहिराणीहून वेगळी, हे बहिणाबाई चौधरींची गाणी शिकवताना आपण सांगतो का? बऱ्याचदा सरळ ‘अहिराणी’ म्हणून मोकळे होतो.

गंमत म्हणजे ‘हजेरी’, ‘दप्तर’, ‘शाई’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आपण रोज वर्गात वापरतो. ‘टेस्टचा पेपर चेक केला’ असंही म्हणतो. त्याला कुणी धेडगुजरी म्हणत नाही.

प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, परीक्षा तीत आहे. म्हणून शब्द खोडू नका, शेजारी जोडी लिहा: गावले – गावाला, बाजारमा – बाजारात, तठे – तिथे. मग वर्गाला विचारा, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ गुजरी, लेवा, भिल्ली, पावरी, जे येईल ते फळ्यावर घ्या. आणि शेरा लिहायचाच असेल तर ‘बोलीतले शब्द आले आहेत’ एवढं पुरतं.