मेनोनाइट मंडळी आणि आपला एकच स्नानसंस्कार



गोंदियाहून निघालेली गाडी सालेकसा, दरेकसा मागे टाकून छत्तीसगडात शिरते. तिकडे सोयरीक करायची म्हटले की बोलण्यात कधीतरी ‘मेनोनाइट’ हा शब्द येतो आणि मग प्रश्न येतो, “फादर, ती माणसे आपल्यातलीच ना?” आम्ही ‘हो’ म्हणतो, पण हे उत्तर अर्धेच आहे.

21 जानेवारी 1525 रोजी झुरिक शहरातील एका घरात काही माणसे जमली. लहानपणी त्या सर्वांना स्नानसंस्कार मिळालेला होता, तरीही त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. श्रद्धा ज्याची त्याने समजून स्वीकारावी, तान्ह्या बाळाला ते शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मेनो सायमन्स हा नेदरलँड्‌समधील कॅथलिक धर्मगुरू 1536 मध्ये त्यांना मिळाला. मेनोनाइट हे नाव त्याच्यावरून पडले. शस्त्र हाती घ्यायचे नाही, हा त्यांचा दुसरा आग्रह.

या लोकांना प्रॉटेस्टंटांनी मारले आणि कॅथलिकांनीही मारले. फेलिक्स मांझला 1527 मध्ये झुरिकच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने नदीत बुडवले. त्याच वर्षी मायकल झाटलर या माजी बेनेडिक्टाइन मठवासीला कॅथलिक सत्तेने जाळले आणि काही दिवसांनी त्याच्या पत्नीलाही बुडवून मारले. हे वाचताना आम्हांला लाज वाटते. 1998 ते 2003 या काळात कॅथलिक आणि मेनोनाइट प्रतिनिधींचा संवाद झाला. त्यात या जखमांवर मोकळेपणाने बोलणे झाले.

आता आपल्या शेजारी येऊ. 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. तेव्हा धमतरी आणि आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख एकाच मध्य प्रांतात होता आणि सगळीकडे भयंकर दुष्काळ पडत होता. मिशनरी सुवार्ता सांगायला आले, पण पुढ्यात उपाशी माणसे आणि आईबाप गमावलेली मुले उभी राहिली. अन्न वाटणे, अनाथालय चालवणे हेच आधी करावे लागले. मुले मोठी झाली, त्यांचे संसार उभे राहायला हवे होते. 1906 मध्ये मिशनने जवळचे बालोदगहान हे गाव विकत घेतले आणि तेथे ख्रिस्ती वस्ती व मंडळी आकाराला आली.

येथे आम्ही थोडे अडखळतो. ज्यांचा सारा भर स्वतंत्र निवडीवर, त्यांची मंडळी मिशनच्या ताटात जेवून वाढलेल्या मुलांमधून उभी राहिली. त्या मुलांची निवड किती स्वतंत्र होती? पण दुष्काळात आपल्याही मिशनांनी अनाथालये चालवली, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आमचे मत असे की निखळ निवड कोणाचीच नसते. आईची भाषा आपण निवडत नाही, तरी ती आपलीच होते. बाळाला स्नानसंस्कार देताना ख्रिस्तसभा हेच मानते : देवाची कृपा आपल्या होकाराच्या आधी येते. मात्र पुढे तो होकार कधीच दिला नाही तर काय? नवी मेनोनाइट मंडळी उभी राहते ती प्रौढ माणसांनी ‘आम्ही येशूमागे जातो’ असे म्हटल्यावर. आपला धर्मग्राम मात्र बिशपांच्या आदेशाने स्थापन होतो आणि त्याच्या हद्दीत राहायला आलेला कॅथलिक काहीही न म्हणता त्याचा सभासद होतो. वर्षातून एकदा नाताळला दिसणाऱ्यांनी यावर विचार करावा, रागावू नये.

आता व्यवहाराचे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला मेनोनाइट बाप्तिस्मा आपण खरा मानतो. तिकडून कोणी कॅथलिक झाले तर पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही. उलट आपल्या मुलीला सासरी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगितले गेले, तर तिने नम्रपणे नकार द्यावा, कारण हा संस्कार एकदाच होतो. अशा विवाहाला बिशपांची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल ते सारे करीन, असे वचन आपल्या पक्षाने द्यायचे असते आणि ते दुसऱ्या पक्षाला आधी कळवायचे असते. नेमके येथेच अडते, कारण तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांना पटत नाही. हे बोलणे बारशापर्यंत लांबवू नका. साखरपुड्याच्या आधी दोघांनी मिळून आमच्याकडे यावे, येताना दोघांचेही बाप्तिस्म्याचे दाखले आणावेत.