दाताची कीड आणि हिरडीचे रक्त

नाशिक रोडच्या तुमच्या वर्गात विचारून पाहा, "दात का किडतात?" 'गोड खाल्ल्यामुळे' हे उत्तर चटकन येईल. मग विचारा, "हिरडीतून रक्त का येते?" बहुधा वर्ग गप्प होईल.

पहिले उत्तरही अर्धेच आहे. 'कीड' म्हटले की दातात अळी शिरल्यासारखे वाटते. जगभर हीच समजूत होती. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार याने ती आपल्या ग्रंथात नाकारली. १८९० मध्ये मिलर या अमेरिकन दंतवैज्ञानिकाने खरे कारण मांडले : तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. साखर पोटात गेल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते. त्याला सुमारे अर्धा तास लागतो. शाळेच्या वाटेवर एक लिमलेटची गोळी, मधल्या सुट्टीत दुसरी, घरी जाताना तिसरी, असे चालले तर लाळेला उसंत कुठून मिळणार? किती गोड खाल्ले, त्याहून किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे.

आता हिरडीकडे वळू. दात व हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट, पांढरट थर साचतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए व सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींचे दात घासणे थांबवून पाहिले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते! दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या.

रक्त दिसले की पुष्कळ मुले नेमक्या त्याच जागी ब्रश लावायचे टाळतात. करायला हवे उलट. मऊ ब्रशने तीच जागा हळुवार, पण रोज घासावी. थर तसाच राहिला तर त्याचे दगडासारखे किटण होते. ते ब्रशने निघत नाही; दंतवैद्याकडेच जावे लागते. पुढे दाताभोवतीचे हाड झिजू लागते, आणि तोवर दुखत मात्र काहीच नाही. (घरात कुणी मशेरी लावत असेल तर सांगा, ते दंतमंजन नव्हे, भाजलेला तंबाखू आहे.)

२००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या शंभरातल्या सुमारे ५४ मुलांना दंतक्षय आढळला. शिक्षकांनी वर्गात एक गोष्ट जरूर करवून घ्यावी. आरशात पाहून समोरच्या मधल्या दातापासून मागे सहावा दात मोजायला सांगावे. ही कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दुधाचा दात न पडता येते; म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती गेली तर त्या जागी दुसरी उगवत नाही.