ब्रेकच्या गंजलेल्या पाइपाला जोड नको, नवा पाइप घाला

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी पुष्कळांच्या दारात आजही जुनी मोटार उभी असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली बंद झाले. तरी माल आणण्यासाठी, बाजाराला जाण्यासाठी आणि कुटुंबाला घेऊन फिरण्यासाठी या गाड्या वापरात आहेत. गाडी जुनी असणे हा दोष नाही. परंतु रंग, सीट आणि टेप यांवर खर्च करणारा मालक गाडीखाली वाकून ब्रेकचे पाइप क्वचितच पाहतो. म्हणून या लेखात आम्ही त्याच पाइपांचा विचार करणार आहोत.

पाइप का गंजतो?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो बारीक पाइपांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हा पाइप बहुधा पोलादाचा आणि बाहेरून सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचा संरक्षक थर खरवडला गेला की गंज धरतो. कोकणपट्टीत खारी हवा आणि लांबलेला पावसाळा यांमुळे हे काम लवकर होते. गंजाची सुरुवात बहुधा क्लिपखाली होते, कारण तेथे चिखल साचतो आणि ओल टिकते. मागच्या चाकांकडे जाणारा लांब पाइप आणि मागच्या ॲक्सलवरील पाइप सर्वांत आधी पाहावेत.

नुसता तांबूस डाग असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पाइप कापडाने पुसावा. गंज हाताला पापुद्र्यासारखा सुटत असेल, पाइपाला खड्डे पडले असतील किंवा तो ओला दिसत असेल, तर तो बदललाच पाहिजे. टाकीतील ब्रेक ऑइल वरचेवर कमी होणे आणि पेडल खाली जाणे ही तर धोक्याचीच खूण आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

काय करू नये?

फुटलेल्या जागी एम-सील लावणे, रबरी नळी घालून क्लिप आवळणे किंवा पाण्याच्या नळाला लावतात तसा दाबजोड बसवणे, हे तिन्ही उपाय प्राणघातक आहेत. जोरात ब्रेक मारला असता पाइपात चाकाच्या हवेपेक्षा कितीतरी पट दाब निर्माण होतो. हलक्या पेडलला टिकलेला जोड नेमका आणीबाणीच्या वेळी सुटतो. फ्रिजसाठी मिळणारी तांब्याची नळीही वापरू नये. हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते. ब्रेकसाठीच बनवलेला पोलादी पाइप किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्यावा. दुसरा थोडा महाग असतो, पण गंजत नाही आणि सहज वाकतो.

घरी काम करायचे तर

ज्याला पान्याची सवय आहे आणि मदतीला एक माणूस आहे, त्यानेच हे काम हाती घ्यावे. गाडी सपाट जागी घ्यावी, चाकांना अडण लावावी आणि जॅकवर विसंबून न राहता मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे. ते रबरी होजवर सांडू देऊ नये. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. म्हणून पाइपासाठी फट ठेवलेला रिंग पाना वापरावा. तरीही नट फिरत नसेल तर जुना पाइप नटाजवळ कापून टाकावा आणि पूर्ण रिंग पाना चढवावा. पाइप नाही तरी फेकायचाच आहे. रबरी होजचा जोड सोडवताना होज दुसऱ्या पान्याने धरावा, म्हणजे त्याला पीळ बसणार नाही.

जुना पाइप न मोडता काढावा, कारण तोच नव्याचा नमुना आहे. वळणावळणाने सुतळी लावून लांबी मोजावी. नट घेताना जुना नट दुकानात न्यावा. अँबॅसिडर मूळ इंग्लंडच्या मॉरिसवरून घेतलेली, तर मारुती ८०० मूळ जपानच्या सुझुकीची. दोन्हींचे आटे सारखे समजू नयेत. नवा नट आधी बोटांनी काही आटे फिरला पाहिजे. न फिरल्यास माप चुकले आहे.

पाइप करवतीने न कापता पाइप कटरने कापावा, आतली कड साफ करावी आणि कीस झटकून टाकावा. त्यानंतर नट पाइपावर आधी चढवावा, मगच तोंड पसरवावे. हे तोंड जुन्या पाइपाच्या तोंडासारखेच हवे. मारुतीत ते डबल फ्लेअर असते, म्हणजे पत्रा आधी आत दुमडून मग पसरवलेला असतो. एकेरी पसरवलेले तोंड तडकते. फ्लेअरिंग टूलवर दोन-चार तुकडे वाया घालवून हात बसवावा. तोंड तिरके किंवा चिरलेले आले तर ते कापून पुन्हा करावे. टूल नसेल तर कारागिराकडून पाइप तयार करून घेणे स्वस्त पडते.

पाइप जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांच्या जागी बसवावा. तो सायलेन्सरपासून दूर असावा आणि कोठेही घासू नये.

हवा काढणे

पाइप उघडला की त्यात हवा शिरते. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून हवा राहिली तर पेडल स्पंजसारखे लागते. सीलबंद डब्यातील, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच ब्रेक ऑइल घ्यावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये; त्याने रबरी वायसर फुगून निकामी होतात. मदतनिसाने पेडल दाबून धरावे, आपण चाकावरील निपल सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत घ्यावे आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. टाकी रिकामी होऊ देऊ नये. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये, कारण ते ओलावा शोषून घेते. ते विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवावे. रंगावर पडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

शेवटी इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावे आणि मदतनिसाला प्रत्येक जोड पाहायला सांगावे. जोड कोरडे हवेत आणि पेडल कडक हवे. मग मोकळ्या जागी मंद गतीने परीक्षा घ्यावी. दुसऱ्या दिवशी जोड पुन्हा पाहावेत. शंका उरली तर गाडी रस्त्यावर आणू नये.

कारागीर बंधूंना दोन शब्द

गिऱ्हाईक गाडीखाली पाहत नाही, हे आपण जाणतो. म्हणूनच जुना पाइप त्याच्या हातात द्यावा, गंज दाखवावा आणि नव्या पाइपाची किंमत आधी सांगावी. एक पाइप गंजला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, हेही सांगावे. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होते, तेव्हा ब्रेकही पाहिले जातात. "तात्पुरते जोडून द्या" असा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा. त्या दिवशीची मजुरी बुडेल, पण त्या ब्रेकसमोर उद्या रस्ता ओलांडणारे मूल कोणाचेही असू शकते. सांगून-दाखवून केलेल्या कामावरच गॅरेजचे नाव उभे राहते, असे आम्हाला वाटते.